कानवाल्याची मान

ती खाण इतकी खोल होती, की सकाळी तळाशी उभं राहून एखाद्याला शिवी हासडली तर तिचा प्रतिध्वनी दुपारी परत यायचा. तोवर दोघं समेट करून एकमेकांच्या डब्यातलं खात बसलेले असायचे, आणि भांडण नव्यानं जुंपायचं. ऊनसुद्धा तळाला पोचेपर्यंत दमून जायचं. पण त्या वर्षी ऊन दमलं नाही. पावसानं पाठ फिरवली, तळाशी कायम साचलेल्या हिरव्या डबक्याचा आधी चिखल झाला, मग चिखलाला भेगा पडल्या, आणि तिथूनच सगळी रड सुरू झाली.

कारण त्या खाणीत दगड पाण्यानं फुटायचा. दगडावर रेघ आखायची, रेघेवर खाचा पाडायच्या, खाचांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि वरून पाणी ओतत राहायचं. लाकूड फुगायचं आणि दगड सावकाश, कुणावर तरी उपकार केल्यासारखा, दुभंगायचा. रेघ बोटभर चुकली तरी लाकूड सांभाळून घ्यायचं. आता टँकर यायचा तो पिण्यापुरता. माणसांच्या घशाला पुरेना, तिथं पाचरींना कोण पाजणार? मुकादमानं लोखंडी पाचरी वाटल्या. लोखंडाला धीर नसतो. रेघ दगडाच्या शिरेवर असली तर घणाच्या मोजक्या ठोक्यांत पुरुषभर लांबीची फाडी, म्हणजे सलग सरळ चिरा, सुटायची. नसली तर दगड आडवा तडकायचा आणि त्याची खडी करण्यावाचून गत्यंतर उरायचं नाही.

शीर नेमकी ओळखता येणारा माणूस अख्ख्या खाणीत एकच होता. त्याला सगळे कानवाला म्हणायचे.

कानवाला दगडापाशी उकिडवा बसायचा, डावा हात दगडावर सैल टाकायचा, उजव्या हातानं सुतकीनं, पाथरवटाच्या छोट्या हातोडीनं, टक करायचा आणि मान उजवीकडे कलती करून डोळे मिटायचा. मग सरकून पुन्हा टक. चार-दोन ठिकाणी असं झालं की खडू काढून सरळ रेघ ओढायचा. त्या रेघेवर दगड असा सुटायचा, की दोन्ही बाजूंना हात फिरवला तर न्हाव्यानं नुकतीच दाढी केलेल्या गालाची आठवण व्हावी. लोक म्हणत, दगड त्याच्याशी बोलतो. काही जण तर शपथेवर सांगत, की दगड त्याच्याशी बोलतो आणि बाकीच्यांची चहाडी करतो.

विचारायला कुणाची ना नव्हती. पण खाणीची रीत अशी होती, की ज्याला विचारायचं त्यानं आपली सुतकी समोरच्याच्या दगडावर पालथी नेऊन ठेवायची. तळापासून वरपर्यंत सगळ्यांना ती दिसायची. दिवसभर तशी राहू द्यायची, आणि त्या दिवशी त्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय आपण घास तोंडात घालायचा नाही. मिसरूड फुटल्यावर कुणी बाप्या असा सुतकी ठेवायला गेल्याचं ऐकिवात नव्हतं. एक वेळ दगड फुकट जाईल, पण सुतकी पालथी पडायची नाही.

मग लोक चोरून शिकायचे. कानवाल्याच्या जागेवरून जाताना कुणाच्या चपलेचा पट्टा तुटायचा, कुणाच्या डोळ्यात कण जायचा. शेजारच्या जागेवरचा एक जण दिवसातून इतक्यांदा काडेपेटी मागायला यायचा, की त्याचं नावच काडेपेटी पडलं. विशेष म्हणजे तो विडी ओढत नसे. तिरक्या डोळ्यांनी बघायचं, लक्षात ठेवायचं आणि आपल्या दगडाशी जाऊन तसंच करायचं. त्यामुळे खाणीच्या कडेवर उभं राहून खाली पाहिलं तर ओळीनं बसलेल्या सगळ्यांच्या माना उजवीकडे कललेल्या दिसायच्या. पाहणाऱ्याला वाटावं, खाली जोराचा वारा सुटलाय.

माना कलायच्या, आणि दगड आडवेच तडकायचे.

सगळ्यांत जास्त तडकायचे ते कानवाल्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचे. दोघांच्या जागांमध्ये चार हातांचं अंतर होतं, पण बाप गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. बापानं मरताना थोरल्याला सांगितलं होतं, "हा आपला कान आहे, धाकट्यालाही दे." थोरल्यानं मान हलवली आणि पुढं काहीच केलं नाही. धाकटा सुरुवातीला वाट बघत राहिला. मग त्यानं दोनदा हाक मारून पाहिली. थोरल्यानं वळूनही बघितलं नाही. तेव्हापासून धाकट्यानं त्याच्याकडे पाठ केली.

फाड्या हव्या होत्या त्या पुलासाठी. त्या न्यायला गाडी यायच्या आत प्रत्येक जागेवरून सलग फाड्या निघाल्या पाहिजेत, असं मुकादमानं बजावलं होतं. धाकट्याचा तिसरा दगड आडवा गेला तेव्हा मुकादम छत्री टेकत तिथं आला. तडकलेल्या दगडाकडे त्यानं मयताकडे बघावं तसं बघितलं.

"ही जागा तुझ्या बापाची होती म्हणून आजवर गप्प बसलो," तो म्हणाला. "गाडीत तुझ्या फाड्या नसल्या तर जागा दुसऱ्याला. आणि खोली जागेबरोबर जाते, ते तुला ठाऊक आहे."

खोली म्हणजे खाणीच्या काठावरच्या पत्र्याच्या ओळीतली एक. आत चूल, एक खाट, भिंतीत खुंट्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की खाली झोपलेला माणूस सकाळी भाजून निघालेला असायचा. पण डोक्यावर दुसरं छप्पर नव्हतं.

"निघतील," धाकटा म्हणाला.

"कशा?"

"निघतील म्हणालो ना."

त्याच दिवशी घाईघाईत त्यानं पुढच्या दगडाला पाचरी ठोकल्या. दगड फुटला तो भलतीकडे, अर्धा तुकडा कलंडला आणि उजव्या हाताच्या बोटांवर आला. बायको खडीचं घमेलं टाकून धावली. तो फक्त स्वतःच्या हाताकडे बघत होता, जणू तो हात दुसऱ्या कुणीतरी तिथं विसरून गेला असावा.

दवाखान्यातून आल्यावर तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. पांढऱ्या पट्टीतून काळी पडलेली टोकं दिसत होती. बायकोनं भात कालवून पुढं केला. डाव्या हातानं घास धड उचलता येईना, तेव्हा तिनं भरवायला हात पुढं केला.

"मी काय लेकरू आहे?"

"नाही. लेकराला एवढी मिजास नसते. आ करा."

त्यानं दोन घास खाल्ले. मग ती म्हणाली, "भावजींना विचारते."

"त्याच्या दारात गेलीस तर या दारात येऊ नकोस."

"हे दार तरी राहणार आहे का आपलं? उद्या मी बसते दगडावर."

"तू?" तो पहिल्यांदाच वळला. "तुला येतं ते?"

"तुम्हाला येत होतं?"

हे जरा जास्तच झालं, हे तिलाही कळलं. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? ती भांडी उचलून बाहेर गेली.

बायकांनी घमेली वाहायची आणि खडी फोडायची, दगड पुरुषांनी फोडायचा, असा शिरस्ता होता. धाकटी नवऱ्याची सुतकी घेऊन दगडावर बसली तेव्हा आजूबाजूचे ठोके बंद पडले.

"वहिनी, मान कलवायला विसरू नका," काडेपेटीनं सल्ला दिला. "उजवीकडे. डावीकडे कलवली तर दगड उलटा ऐकतो."

तिनं मान कलवली. टक केलं. दगड वाजला. पुढं सरकून टक केलं. दगड तसाच वाजला. तिनं आणखी कलवली, इतकी की मानेला रग लागली. तिला सगळीकडून एकच आवाज येत होता. तिनं हातातला खडू पाहिला आणि खाली ठेवला. मग ती उठली, मधलं चार हातांचं अंतर ओलांडून कानवाल्यापाशी गेली आणि सुतकी त्याच्या दगडावर पालथी ठेवली.

खाणीत असं शांत झालं, की कडेवर टँकरची तोटी ठिबकत होती ते तळाला ऐकू आलं.

कानवाल्यानं सुतकीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तो उठला, तिच्या दगडापाशी आला, हात टाकून टकटक केलं, मान कलवली, डोळे मिटले, आणि रेघ ओढून निघून गेला. धाकटीनं खाचा पाडल्या, पाचरी लावल्या. घण उचलायला काडेपेटी पुढं आला, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. फाडी सरळ सुटली. आणि धाकटी संध्याकाळपर्यंत भाकरीचं गाठोडं शेजारी ठेवून उपाशी राबली, कारण कानवाल्यानं त्या दिवशी जेवायला फार उशीर केला. मुद्दाम केला की कसं, ते तिला कळलं नाही. तिच्या नवऱ्याला मात्र लगेच कळवणारे भेटले. तोही त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या सकाळी मुकादम फाडीभोवती फिरून आला. "छान आहे. पण ही थोरल्याची रेघ. उसन्या रेघेवर मी जागा देत नसतो. पुढचा दगड तुझा तू फोडायचास. मी समोर उभा राहणार."

"कधी?"

"गाडी येईल त्या सकाळी. तोवर शिक."

शिक, म्हणे. जसं काही शिकणं टँकरमधून येत होतं.

सुट्टीच्या दिवशी धाकटी जावेच्या दारात गेली. कानवाला मागच्या अंगणात, पाठ करून, छिन्नीला धार लावत बसला होता. डावा तळहात त्यानं फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. त्या हातानं तो कधी ओझं उचलत नसे, घण धरत नसे. रोज त्याला तेल चोळायचा. लोक म्हणत, ऐट आहे. थोरली जाऊ शेजारी तांदूळ निवडत होती. ती कामावरही सदा त्याच्या मागंच खडी फोडत बसायची आणि अधूनमधून त्याच्या पाठीत बारीक खडा मारायची. भोंगा वाजला की खडा, मुकादम आला की खडा. अशी खाष्ट बायको कुणाच्या वाट्याला येऊ नये, असं खाणीत सगळ्यांचं मत होतं.

"काय काम काढलंस?" थोरली म्हणाली.

"ताई, मला रेघ नको. रेघ कशी ओळखायची ते हवंय." धाकटी कानवाल्याच्या पाठीकडे वळली. "भावजी, मला शिकवा."

पाठ हलली नाही.

"सुतकी ठेवली, उपाशी राहिले. आणखी काय करू? पाया पडू?"

छिन्नी दगडावर घासत राहिली. धाकटीच्या पोटात इतके दिवस साचलेलं वर आलं.

"घरातल्या माणसाचा हात ठेचला तरी बघायला आला नाहीत. बापानं दोघांसाठी ठेवलेलं एकट्यानं गिळून बसलात. तुमच्यापेक्षा तो दगड बरा, ठोकल्यावर निदान वाजतो तरी!"

असं कुणी मोठ्या दिराला बोलत नाही. तिला वाटलं, आता छिन्नी अंगावर येईल. छिन्नीची लय तीळभर मोडली नाही. उलट तो गुणगुणत होता, अगदी बेसूर. थोरलीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. तिनं तांदळातला एक खडा उचलून नवऱ्याच्या पाठीत मारला. तो वळला, धाकटीला बघून दचकला आणि अंगणात पाहुणा आल्यावर हसतात तसा हसला.

"अगं, तू कधी आलीस?"

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. मग खड्याकडे. मग जावेकडे.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "भावजींना ऐकू येत नाही."

थोरलीनं सूप खाली ठेवलं. "किती जणांना सांगितलंस?"

"आत्ता तर मला कळलं."

"मग आत चल, दार लाव आणि बस."

दाराआड थोरलीच बोलली. कानवाला दोघींच्या ओठांकडे बघत होता. सासरे असतानाच कान जायला लागले होते. ते गेले त्या वर्षी पूर्ण गेले. खाणीचा नियम साधा होता. वर सुरुंग उडवायच्या आधी भोंगा होतो, तो ज्याला ऐकू येत नाही त्याला खाली उतरू देत नाहीत. एका म्हाताऱ्याला असंच काढलं होतं. तो पुढं कुठं गेला, हे कुणाला माहीत नव्हतं.

"पण दगड? दगड कसा ऐकतात?"

"कोण ऐकतंय!" थोरली म्हणाली.

कानवाल्यानं हातावरचं फडकं सोडलं. तळहात इतका मऊ होता, की खाणीतल्या माणसाचा वाटू नये. "हाताला कळतं," तो म्हणाला. त्याचा आवाज खोलीच्या मानानं फार मोठा होता. थोरलीनं बोट खाली दाखवलं, तसा त्यानं उतरवला. "ठोका शिरेवर पडला की मुंग्या बारीक येतात आणि झपकन येतात. शिरेच्या आडवा पडला की जाड येतात, अर्ध्या वाटेत मरतात."

"मग मान कशाला कलवता?"

तो ओशाळला. "बापाची सवय होती. तो खरंच ऐकायचा. मी सोडली असती तर लोकांनी विचारलं असतं, कानाला काय झालं."

धाकटीला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं. अख्खी खाण इतकी वर्षं एका बहिऱ्याच्या मानेची नक्कल करत होती. तिचा नवराही. त्यातच त्याची बोटं ठेचली होती.

"यांना का नाही सांगितलंत?"

"त्याला शिकवायचं म्हणजे आधी हे सांगायला हवं होतं," कानवाला म्हणाला. "आणि तो रागीट. रागाच्या भरात एक दिवस बोलला असता. खालच्यांना काही सांगायचं असलं तर तो वरच्यांनाही ऐकवतो." मग म्हणाला, "हाक मारली होती का त्यानं मला?"

"दोनदा," धाकटी म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. नंतर काही सांगितलेलं त्याला दिसलं नाही.

अंगणातल्या एका ओबडधोबड दगडावर शिकवणी सुरू झाली. रोज पहाट उजाडल्यापासून कामाचा भोंगा होईपर्यंत. कानवाला एका टोकाला ठोकायचा, धाकटी दुसऱ्या टोकाला हात ठेवायची.

"आलं?"

"नाही."

"आता?"

"काहीच नाही."

येणार कसं? लग्न झाल्यापासून घमेली उचलून तिच्या तळहातांची चामडी झाली होती. चुलीतला निखारा उचलून ती दुसरीकडे ठेवायची, तरी तिला चटका बसत नसे. कानवाल्यानं तेल दिलं, ऊन पाण्यात हात बुडवायला लावले. पाण्यासाठी थोरलीनं आपल्या वाट्याचा तांब्या काढून दिला आणि त्याबद्दल बोलणीही तिलाच ऐकवली. काही फरक पडला नाही. गाडी जवळ येत होती. एका सकाळी धाकटीनं वैतागून दगडावरच डोकं टेकलं, दोन्ही हात पालथे पसरले, आणि कानवाल्यानं सवयीनं टक केलं.

ती ताडकन उठली.

"पुन्हा ठोका."

"काय झालं?"

तिनं हाताची आतली बाजू, जिथं निळ्या शिरा दिसतात ती, दगडाला लावली. घमेल्याची कड तिथवर कधी पोचली नव्हती. कानवाल्यानं ठोकलं. बारीक, वेगानं, मुंगी चढावी तसं काहीतरी कोपरापर्यंत गेलं. त्यानं जागा बदलून ठोकलं. ते मनगटातच विझलं.

"इथून तिथं," ती म्हणाली आणि बोटानं रेघ ओढली.

कानवाल्यानं स्वतःचा तळहात लावून पाहिलं. मग फडकं उचलून हाताला गुंडाळलं आणि थोरलीला म्हणाला, "हिला चहा कर."

गाडी आली त्या सकाळी खाणीत कुणी काम करत नव्हतं, पण काम करतोय असं सगळे दाखवत होते. मुकादम छत्री उघडून उभा होता. धाकटाही आला होता, हात गळ्यात अडकवून, जागेच्या कडेच्या दगडाला टेकून. बायकोशी तो इतके दिवस कामापुरतंच बोलत होता. कानवाला आपल्या जागेवर, थोरली त्याच्या मागं.

धाकटीनं बांगड्या कोपराकडे सरकवल्या, मनगट दगडाला लावलं आणि ठोकलं.

"मान, वहिनी, मान!" काडेपेटी कुजबुजला.

तिची मान सरळ राहिली. ती दगडाभोवती रांगत फिरली. एका ठिकाणी ओढलेली रेघ तिनं पदरानं पुसली आणि वीतभर बाजूला नवी ओढली. पुसताना कुणीतरी खुसखुसलं. खाचा पाडायला तिला पुरुषांच्या दुप्पट वेळ लागला. घामानं खडू तळहातात विरघळला. पाचरी बसल्या, काडेपेटीनं घण घेतला. पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीला ठोक्याचा सूर बदलला. आणि मग दगडाच्या अंगावर केसासारखी चीर उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रेघेला धरून. फाडी आळस दिल्यासारखी सुटी झाली.

मुकादमानं छत्री मिटली. "कुणी शिकवलं?"

त्यानं फाडीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मान नाही कलवलीस. मनगट लावलंस. हे थोरल्याचं नाही. मग कुणाचं?"

धाकटीनं वर पाहिलं. कानवाला तिच्या ओठांकडे बघत होता, असा की पापणीही हलत नव्हती. तिचा नवराही बघत होता.

"कुणाचं म्हणजे?" ती म्हणाली. "घमेली उचलून उचलून तळहात मेले, म्हणून मनगटानं चाचपायची सवय लागली. दूध कोमट आहे का ते बायका मनगटावरच बघतात. दगड बघितला तर काय बिघडलं?"

"इतरांना दाखवशील?"

"जागा आमची राहते ना?"

"राहिली."

"मग ज्याला हवं त्यानं यावं. सुतकी आपापल्या हातात ठेवूनच यावं. मला उपाशी माणसांसमोर जेवता येत नाही."

पहिला काडेपेटी आला. तोंडातल्या तोंडात तो काडेपेटी मागायला लागला होता, मग त्याच्या लक्षात आलं, की आता त्याची गरज नाही. त्यानं बाही वर केली. त्याच्यामागून बाकीचे आले. काहींना मनगटाला कळलं, काहींना दंडाच्या आतल्या बाजूला. एका टकल्या माणसाला तर फक्त टाळूला कळायचं आणि तो दगडाला डोकं टेकून बसायचा, जणू माफी मागतोय. दगड आडवे जाण्याचं प्रमाण कमी झालं. माना सरळ झाल्या.

एक मान सोडून.

कानवाल्याची मान अजून कलतच होती. फाड्या त्याच्या अजूनही सगळ्यांत सरळ निघायच्या, पण आता सगळ्यांच्याच बऱ्या निघत होत्या, मग त्याच्याकडे कोण बघणार? कुणाच्या चपलेचा पट्टा त्याच्यापाशी तुटेना. आणि कलती मान, मिटलेले डोळे, हे एकट्यावर दिसायला लागलं तेव्हा हसू येण्यासारखं दिसायला लागलं.

पाण्याच्या रांगेत थोरली धाकटीच्या मागं उभी राहिली. "तू काही चुकीचं केलं नाहीस," ती पुढं बघतच म्हणाली. "पण आता त्यांनी मान सरळ केली तर विचारतील, कान कुठं गेला. आणि कलती ठेवली तर हसतात. मला काही सुचत नाही बघ."

धाकटीनं आपली घागर तोटीखाली सरकवली.

घरी धाकट्याची पट्टी निघाली होती. दोन बोटं वाकत नव्हती, पण सुतकी धरता यायची. धाकटीनं त्यालाही आपल्या अंगणात शिकवलं. त्याला लवकर आलं, तो मुळात कामाचा माणूस होता. ज्या दिवशी त्याची पहिली फाडी सरळ सुटली त्या दिवशी तो कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत बसला. मग बायकोला म्हणाला, "सख्ख्या भावानं दिलं नाही ते तू दिलंस."

खरं काय ते सांगून टाकावं, असं तिला वाटलं. चार हातांवर तो भाऊ मान कलवून बसला होता. थोरली खडी फोडता फोडता थांबली होती. धाकटीनं घमेलं उचललं आणि निघून गेली.

एका दुपारी जेवणं उरकून लोक कामाला लागत होते. कानवाला दगडापाशी उकिडवा बसला, मान कलवली, डोळे मिटले. काडेपेटीही त्याच्या शेजारी तसाच बसला, मान पार खांद्याला टेकवली आणि जीभ बाहेर काढून डोळे मिटले. लोक हसले. कानवाल्यानं डोळे उघडले. सगळे हसताहेत एवढं त्याला दिसलं, कशाला ते कळलं नाही, म्हणून तोही थोडं हसला.

ते हसू धाकट्यानं बघितलं.

तो उठला. त्याच्या बायकोला वाटलं, आता हा काडेपेटीला मारणार. त्यानं काडेपेटीच्या मानेला धरून त्याला उभं केलं, एवढंच. "तुझ्या बापाचं वय आहे त्यांचं. जा, आपल्या दगडावर."

"अरे, गंमत…"

"जा म्हटलं ना."

काडेपेटी गेला. धाकटा तिथंच उभा राहिला. इतकी वर्षं ओलांडलं नव्हतं ते अंतर रागाच्या भरात ओलांडलं होतं, आता परत कसं जायचं हे त्याला समजेना. थोरलीनं खडा मुठीत धरला होता, तो तिनं मारला नाही. शेवटी धाकटा भावासमोर उकिडवा बसला. दोघांचा गुडघ्याला गुडघा लागला.

"दादा," तो म्हणाला, "ते कानाचं सोड आता. जुनं झालं ते. लोक हसतात, मला बघवत नाही. सोपं आहे, मी दाखवतो."

त्यानं कानवाल्याचा डावा हात उचलला, ज्या हाताला रोज तेल लागायचं तो, आणि त्याचं मनगट दगडाला लावलं. "इथं. शिरा आहेत ना, त्या टेकवायच्या. मी ठोकतो. मुंगी पळते का बघ."

कानवाला भावाच्या तोंडाकडे बघत होता. इतक्या जवळून ते तोंड त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. दाढीत पांढरे केस आले होते. धाकट्यानं ठोकलं.

"आली?"

कानवाल्यानं हात उचलून पुन्हा ठेवला, उलटा.

"असं नाही, दादा. उताणा नको, पालथा. हे बघ." धाकट्याच्या न वाकणाऱ्या बोटांनी तो मऊ हात पुन्हा फिरवला, नीट बसवला आणि वरून दाबून धरला. "आता मान सरळ कर. मानेचं काही काम नाही यात."

कानवाल्यानं मान सरळ केली. ती सरळ करताना त्याला त्रास झाल्यासारखा वाटला, इतकी वर्षं ती एकाच बाजूला राहिली होती. धाकट्यानं एका जागी ठोकलं, मग दुसऱ्या जागी.

"कळला फरक?"

कानवाला भावाच्या ओठांवरून डोळे काढत नव्हता.

"नाही कळला," तो म्हणाला. "पुन्हा दाखव."